गोरी, नाजूक त्वचा आणि खनिजांची पावडर

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते. तालुक्याच्या गावातील एका भगिनीने लिहिले आहे : ‘माझ्या मुलीचे लग्न वैशाखात ठरले आहे. तिचा रंग गोरा, पण कातडी फार नाजूक. साधी पावडर लावली तरी गाल लालबुंद होतात, खाज सुटते. पार्लरवाल्या ताई म्हणतात, हिला मिनरल मेकअपच करावा लागेल, तो नैसर्गिक असतो, त्याने कोणाला काही होत नाही. डबी मात्र नेहमीच्या पावडरीच्या पाचपट किमतीची आहे. घ्यावी का?’

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात दोन निरनिराळे प्रश्न आहेत. एक डबीविषयी आणि दुसरा त्या मुलीच्या त्वचेविषयी. दुसरा जास्त महत्त्वाचा आहे. तरी आधी डबीचे पाहू.

मिनरल म्हणजे खनिज. हे ऐकून परदेशातील काही तरी नवलाईची वस्तू वाटते; प्रत्यक्षात या डबीतील बहुतेक पदार्थ आपल्या घराला नवे नाहीत. तुळशीवृंदावनाला आपण गेरू लावतो, तो लोखंडाचा ऑक्साइड. मेकअपच्या पावडरीतील तांबूस, पिवळी आणि काळी छटा याच लोह-ऑक्साइडांची असते. चमक येते ती अभ्रकाची. शंखजिरे म्हणजे टाल्क. पांढरेपणा आणि झाकण्याची ताकद देणारे दोन पदार्थ म्हणजे झिंक ऑक्साइड, अर्थात जस्ताची पांढरी भुकटी, आणि टायटॅनियम डायऑक्साइड. हा दुसरा पदार्थ भिंतीच्या पांढऱ्या रंगातही वापरतात. घामोळे आले की आपण जे गुलाबी कॅलामाइन लोशन मुलांच्या पाठीला लावतो, त्यात तरी काय असते? जस्ताचे संयुग आणि त्यात रंगापुरता लोहाचा अंश. तेव्हा मिनरल मेकअपचा एक गरीब चुलतभाऊ तुमच्या फडताळात कित्येक वर्षांपासून बसलेला आहे.

आता ‘नैसर्गिक’ या शब्दाविषयी. खाणीतून काढलेली माती कुटून कोणी डबीत भरत नाही, आणि भरत नाही हेच बरे. जमिनीतील गेरूमध्ये शिसे, आर्सेनिक यांसारखी घातक द्रव्ये मिसळलेली असू शकतात. म्हणून सौंदर्यप्रसाधनांत वापरायचे लोह-ऑक्साइड कारखान्यात शुद्ध स्वरूपात तयार केले जाते. शिवाय खनिज आहे म्हणून निरुपद्रवी, हा हिशेबच चुकीचा. शेंदूर पारंपरिकरीत्या शिशापासून बनतो, हिंगूळ पाऱ्यापासून. दोन्ही खनिजेच, आणि दोन्हींचे स्थान चेहऱ्यावर नाही. आपल्या देशात २०२० सालच्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार शिसे व आर्सेनिक यांची संयुगे रंगासाठी वापरण्यास बंदी आहे, हे ध्यानात ठेवावे.

मग नाजूक त्वचेला ही पावडर सोसते असे म्हणतात, त्यात तथ्य आहे का? आहे, पण कारण वेगळे आहे. मेकअपने पुरळ उठणाऱ्या रुग्णांत मला बहुधा दोन गुन्हेगार सापडतात : सुगंध आणि टिकाऊपणासाठी घातलेली रसायने. क्रीम किंवा लोशनमध्ये पाणी असते, पाण्यात जंतू वाढतात, म्हणून ती रसायने घालावीच लागतात. कोरड्या पावडरीत पाणीच नाही; तिला त्यांची गरज फारशी पडत नाही. शिवाय ही खनिजे त्वचेत विरघळत नाहीत, वर बसून राहतात. म्हणजे गुण खनिजाचा थोडा आणि डबीत जे नाही त्याचा जास्त.

यावरून एक गोष्ट ओघानेच निघते. डबीवर ‘मिनरल’ लिहिले, पण आत गुलाबाचा घमघमाट असेल, तर तिचा मुख्य फायदा गेला. तीच पावडर पातळ करून बाटलीत भरली आणि ‘मिनरल लिक्विड फाउंडेशन’ म्हणून विकली, तरी तेच. पाणी आले की टिकवणारी रसायने आली. ‘मिनरल’ हा शब्द वेष्टनावर लिहिण्यासाठी किती टक्के खनिज हवे, याचा काही नियम नाही. सामान्य पावडरीत चिमूटभर अभ्रक टाकूनही तो छापता येतो.

म्हणून नाव न वाचता मागची बारीक अक्षरे वाचावीत. इंग्रजी येत नसेल तर घरातील शाळकरी मुलाला भिंग घेऊन बसवावे. रंगद्रव्यांची नावे अवघड असतात, पण त्यांना जगभर एकच आकडे दिलेले आहेत. ‘सी. आय.’ या अक्षरांपुढे पाच आकडी संख्या असते. ७७ ने सुरू होणारी संख्या म्हणजे खनिज रंग. ७७८९१ हे टायटॅनियम डायऑक्साइड, ७७९४७ झिंक ऑक्साइड, ७७०१९ अभ्रक. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ ही लोहाची अनुक्रमे लाल, पिवळी व काळी रूपे. १५८५० सारखा आकडा दिसला तर तो खनिज नव्हे, रासायनिक लाल रंग आहे. तो वाईटच असतो असे नाही, पण ‘शंभर टक्के मिनरल’ म्हणून विकणाऱ्याला प्रश्न विचारायला तो पुरेसा आहे.

एक आकडा मात्र नाजूक त्वचेच्या मंडळींनी पाठच करावा : ७७१६३. हे बिस्मथ ऑक्सिक्लोराइड. मोत्यासारखी झळाळी देणारे, दिसायला सुंदर, पण काही जणींना याने तास-दोन तासांत खाज सुटते आणि घाम आला की ती वाढते. ‘मिनरल मेकअपसुद्धा सोसला नाही’ म्हणणाऱ्या बाईच्या डबीवर मी प्रथम हा आकडा शोधते. दुसरी शंका निकेलची. खोटे कानातले घातले की ज्यांच्या कानाच्या पाळ्या चिघळतात, त्यांना निकेलची अ‍ॅलर्जी असण्याचा संभव मोठा. लोह-ऑक्साइडांत निकेलचा अत्यल्प अंश असू शकतो. अशांनी या पावडरीही परीक्षा करूनच लावाव्यात.

आता त्या मुलीच्या त्वचेकडे वळू.

‘गोरी आणि नाजूक’ ही जोडी मराठी घरांत इतकी सहज उच्चारली जाते की त्यात शंका घेण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटत नाही. काही जणींची त्वचा जन्मतःच तशी असते. लहानपणापासून कोपराच्या व गुडघ्याच्या खोबणीत इसब, घरात कोणाला दमा, थंडीत कातडी फुटणे, असा इतिहास असतो. पण माझ्याकडे येणाऱ्या अशा अनेक मुलींची त्वचा पाच वर्षांपूर्वी नाजूक नव्हती. ती नाजूक केली गेली आहे.

संभाषण ठरलेले असते. ‘चेहऱ्याला काय लावतेस?’ ‘काही नाही डॉक्टर, फक्त साधे नाइट क्रीम.’ ‘किती दिवस?’ ‘दोन वर्षे झाली.’ ‘बंद केले तर काय होते?’ ‘बंद करताच येत नाही. दोन दिवसांत चेहरा आग आग होतो, लाल होतो. म्हणून तर लावते.’ मग सोबत आलेली आई पिशवीतून नळी काढते. मैत्रिणीने सांगितलेली, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली. त्यावर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एक नाव असते. ही सर्व स्टिरॉइडे आहेत. योग्य आजारावर, योग्य जागी, थोडे दिवस वापरली तर उत्तम औषधे. पण चेहऱ्यावर महिनोन्‌महिने चोळली की कातडी पातळ होते, खालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे येतात, गालांवर लव वाढते, उन्हात पाच मिनिटे उभे राहिले तरी आग होते. सुरुवातीला जो ‘गुलाबी गोरेपणा’ म्हणून शेजारीपाजारी कौतुक करतात, तो पातळ झालेल्या कातडीतून दिसणाऱ्या रक्ताचा रंग असतो.

२०१८ साली सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा आदेश काढला. वेष्टनावर उभी लाल रेघ असली तर ते चिठ्ठीचे औषध. आदेश कागदावर चांगला आहे. आपल्या बाजारपेठेत तो कितपत पाळला जातो, हे वाचकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

याहून गंभीर प्रकार पाऱ्याचा. ज्यावर कारखान्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, अशा ‘सात दिवसांत गोरेपणा’वाल्या डब्यांत पारा सापडलेला आहे. पारा त्वचेचा रंग बनण्याची क्रिया रोखतो आणि त्वचेतून रक्तात जातो. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांतील १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम लावत होते. चेहऱ्याला लावलेल्या डबीने पायावर सूज येते, लघवीला फेस येतो, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. अशी लक्षणे असतील तर पावडर-मेकअपचा विचार राहू द्या. आधी लघवीची तपासणी करून घ्या.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना माझी विनंती आहे की मुलीला रागावू नका, एकटीला बसवून प्रेमाने विचारा. लग्न ठरलेल्या मुली अशा नळ्या लपवून लावतात; त्यांच्यावर दडपण असतेच. दोन वर्षे लावलेले स्टिरॉइड एकदम बंद केले तर चेहरा काही आठवडे भडकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करावे लागते आणि त्वचा मूळपदावर यायला काही महिने लागू शकतात. वैशाखापर्यंत वेळ थोडा आहे, म्हणून हे आधी.

स्टिरॉइडचा प्रकार नाही, त्वचा मुळातच नाजूक आहे, असे ठरले तर डबी घ्यायला हरकत नाही. नव्या लग्नाच्या मुलीने निदान महिनाभर आधी घ्यावी, कारण परीक्षा करायला वेळ हवा. पार्लरमध्ये हनुवटीवर ठिपका लावून अर्ध्या तासाने ‘बघा, काही झाले नाही’ म्हणतात, त्याला काही अर्थ नाही. अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया बहुधा एक ते तीन दिवसांनी दिसते, आणि पदार्थ प्रथमच लागला असेल तर त्याहूनही उशिरा. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ, सात दिवस लावावे. ती जागा धुताना घासू नये. खाज, लाली, बारीक पुरळ काही आले नाही, तर पुढचे तीन-चार दिवस कानाखाली जबड्याच्या कडेला लावून पाहावे. हेच क्रीमला, सनस्क्रीनला आणि नवरीच्या डोळ्यांच्या काजळालाही लागू आहे. एका वेळी एकच वस्तू. चार वस्तू एकदम सुरू केल्या तर त्रास कशाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

छटा निवडताना गोऱ्या मुलींची वेगळी अडचण होते. दुकानात गोऱ्या रंगासाठी जी सर्वात फिकट डबी दाखवतात ती पुष्कळदा युरोपीय कातडीसाठी केलेली, गुलाबी झाक असलेली असते. आपल्याकडील गोरेपणात बहुधा पिवळसर झाक असते. त्यावर ती पावडर राखेसारखी दिसते. टायटॅनियम जास्त असेल तर फोटोत चेहरा पांढराफटक आणि मान वेगळी! पावडर मनगटावर लावून पाहू नये, जबड्याच्या रेषेवर लावावी आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न पाहता दारात येऊन दिवसाच्या उजेडात पाहावे. त्वचेचे तेल मिसळले की छटा थोडी गडद होते, म्हणून अर्धा तास बाजारात फिरून यावे आणि मग पैसे द्यावेत. दुकानदार जरा कुरकुर करील, करू द्यावी. डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदत पाहावी. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचे नाव व नोंदणी क्रमांक हवाच.

लावण्याची रीत सोपी आहे. चेहरा सौम्य साबणाने धुऊन टिपून घ्यावा. झिंक ऑक्साइड त्वचा थोडी कोरडी करते, म्हणून कोरड्या त्वचेवर आधी बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे आणि ते जिरू द्यावे. ओल्या चेहऱ्यावर पावडर टाकली की तिचे चट्टे होतात. डबीच्या झाकणात चिमूटभर पावडर घ्यावी, ब्रश त्यात फिरवून जादा पावडर झटकावी आणि हलक्या हाताने टेकवत लावावी. घासू नये, नाजूक त्वचेची निम्मी लाली घासण्याने येते. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ बरे. वैशाखातील घामात जाड थराला भेगा पडतात. घाम आला तर रुमालाने टिपावा, वर पुन्हा पावडर थापू नये. उडणारी पावडर नाकात जाऊ देऊ नये. घरात दमेकरी असतील तर दाबून वडी केलेली पावडर घ्यावी.

ब्रशविषयी दोन शब्द अधिक लिहिते, कारण पावडर निर्दोष असूनही चेहऱ्यावर फोड येतात ते पुष्कळदा ब्रशमुळे. पार्लरमधील एकच ब्रश सकाळपासून सात चेहऱ्यांवर फिरलेला असतो. नवरीने आपला ब्रश आणि आपली डबी बरोबर न्यावी. त्यात संकोच कसला? ब्रश आठवड्यातून एकदा शाम्पूने धुऊन, केस खाली करून सावलीत वाळवावा. पूर्ण सुकल्याशिवाय डबीत घालू नये. पावडरीत पाणी नाही म्हणून जंतू नाहीत, असे वर लिहिले. ओला ब्रश घातला की ते पाणी तुम्हीच नेऊन देता.

ही पावडर उन्हापासून किती वाचवते, असेही विचारतात. झिंक आणि टायटॅनियम हे सनस्क्रीनमधीलच पदार्थ आहेत, त्यामुळे डबीवर १५ किंवा २० असा आकडा छापलेला असतो. पण तो आकडा दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून काढतात. तेवढी पावडर लावली तर माणूस तमाशातील सोंगाड्या दिसेल. तेव्हा खाली सनस्क्रीन लावावेच, आणि दुपारच्या वरातीत छत्री असली तर ती उघडावी. एक गुण मात्र या पावडरीचा खरा आहे. गालांवर वांग असणाऱ्यांना अतिनील किरणांप्रमाणेच डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही त्रास देतो आणि बिनरंगी सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. लोह-ऑक्साइडांची रंगीत पावडर तो काही प्रमाणात अडवते. वांगाच्या रुग्णांना मी सनस्क्रीनवर अशी पावडर लावायला सांगते, ती केवळ डाग झाकण्यासाठी नव्हे.

हळदीच्या दिवशी बाजारातील तयार, भडक पिवळी पूड चेहऱ्याला लावू नये. घरी दळलेली हळद, तीही थोडी. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात फेशियल, ब्लीच, वाफ काहीही नको. कुंकवाच्या जागी काळपट डाग पडत असेल तर ते बहुधा स्वस्त कुंकवातील कृत्रिम रंगाने, आणि टिकलीच्या जागी पांढरा ठिपका पडत असेल तर तो टिकलीच्या डिंकातील एका रसायनाने. पांढऱ्या ठिपक्यावर पावडर लावून झाकत बसू नये. टिकली त्याच दिवशी बंद करावी आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. तसेच चेहऱ्यावर ओल येत असेल, खपल्या असतील किंवा डोळ्यांभोवती सूज असेल, तर कोणतीही पावडर, कितीही महाग, लावू नये.

रात्री झोपण्यापूर्वी पावडर काढताना खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवून मग सौम्य साबण लावला तर घासावे लागत नाही. मुरुमे असणाऱ्यांनी तेल न लावता दोनदा साबण लावावा.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी मुलीला घेऊन जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे या महिन्यातच जावे. जाताना मुलीच्या कपाटातील प्रत्येक नळी, डबी आणि बाटली पिशवीत घालून न्यावी, रिकामी झालेली असली तरी.